रोटर त्याच्या खिशात आहे

मिस्त्रीला एक खोड होती. गाडी कुठंही थांबली, की तो आधी बॉनेट उघडायचा, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायचा आणि आतला रोटर उपसून शर्टाच्या वरच्या खिशात टाकायचा. रोटर म्हणजे अंगठ्याएवढा काळा तुकडा. पण ठिणगी वाटून द्यायचं काम त्याचं. तो नसला तर किल्ली कितीही फिरवा, गाडी नुसती खोकत राहते, चालू म्हणून होत नाही. त्याची पहिली जीप गॅरेजच्या दारातून चोरीला गेली होती. तेव्हापासून दुधानं तोंड पोळलेला हा माणूस ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. चहाला थांबले तरी रोटर खिशात, आडोशाला गेले तरी रोटर खिशात.

"भाऊजी, उद्या बायको आणलीत तर तिलाही असंच खिशात घालून फिराल," वहिनी म्हणायची.

"बायको स्वतःच्या पायानं जाते वहिनी. गाडीला दुसरा कोणी नेतो. जपायचं कुणाला, सांगा."

हे तो वहिनीला म्हणायचा, पण बघायचा सिस्टरकडे. आणि सिस्टर खिडकीबाहेर बघायची.

गाडीत माणसं चारच. मिस्त्री, त्याचा थोरला भाऊ दादा, दादाची बायको वहिनी आणि सिस्टर. दादा ट्रक चालवायचा. वहिनीचं शिवणकामाचं दुकान होतं. सिस्टर दवाखान्यात नर्स. ती आणि वहिनी शाळेत एका बाकावर बसलेल्या, पण लग्नानंतर सगळं गाव वहिनी म्हणायला लागलं, तशी सिस्टरही थट्टेनं म्हणू लागली आणि मग तेच तोंडात बसलं. गाडी म्हणजे सिस्टरच्या दवाखान्यानं मोडीत काढलेली रुग्णवाहिका. मिस्त्रीनं ती भंगाराच्या भावात घेतली, वर्षभर तिच्या पोटात डोकं घालून बसला, आणि एक दिवस दादा म्हणाला, "चला, रस्ता संपतो तिथपर्यंत जाऊ. समुद्र बघू आणि परत येऊ." मध्ये एक अख्खा परका देश होता. तरुणपणी असला देश नकाशावर बोटभर दिसतो.

त्या प्रवासाचे सुरुवातीचे दिवस सिस्टरला सत्तरी उलटल्यावरही वास येण्याइतके आठवायचे. मागच्या स्ट्रेचरवर आळीपाळीनं झोपायचं, वहिनीनं शिवलेल्या निळ्या पडद्यांतून ऊन आत यायचं, दादा बेसूर गायचा आणि मिस्त्री म्हणायचा, "इंजिनाचा आवाज बिघडलाय की तुझा, तेवढं सांग, म्हणजे थांबायचं की नाही ते ठरवतो." हसून हसून पोट दुखायचं.

पण त्या देशाचं काहीतरी बिनसलेलं होतं. पेट्रोल मिळत नव्हतं. पंपांवर दोर बांधलेले. रस्त्याच्या कडेला जळून काळे पडलेले ट्रक. भाषा कुणालाच येत नव्हती. सिस्टरनं पाणी, किती, डॉक्टर एवढे शब्द उचलले होते, तेवढ्यावर भागत होतं. एका नाक्यावर चार जण एकाला पट्ट्यानं झोडपत होते. खाली पडलेला माणूस हात जोडत होता आणि पट्ट्याचं बक्कल नेमकं त्या जोडलेल्या बोटांवर बसत होतं.

"थांबव," मिस्त्री म्हणाला.

दादानं काच वर घेतली. "आपला काय संबंध?"

"दादा, मारून टाकतील ते त्याला."

"आणि आपण उतरलो तर पाच जणांना टाकतील. गप बस."

गाडी पुढं गेली. दादाचं चुकलं, असं तरी कोण म्हणणार? त्याच्या शेजारी त्याची बायको बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या गावाच्या अलीकडे टाकी तळाला गेली. टपावरच्या कॅनमध्ये पेट्रोल होतं. मिस्त्रीनं आपल्या नेहमीच्या रीतीनं रबरी नळीचं एक टोक कॅनमध्ये घातलं, दुसरं तोंडात धरलं आणि ओढलं. या वेळी जरा जास्तच ओढलं गेलं. तोंडभर पेट्रोल आलं, त्यानं फुर्रकन थुंकलं, निम्मं शर्टावर.

"शर्ट बदला भाऊजी. दहा हात लांबून वास येतोय."

"वाऱ्यानं उडून जाईल. हे आमचं अत्तर आहे वहिनी."

त्यानं शर्ट बदलला असता, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण गॅरेजात वाढलेल्या माणसाला पेट्रोलचा वास येत नाही, जसा कोळणीला मासळीचा येत नाही.

गावावर धूर होता. वीटभट्टी असेल, असं त्यांना वाटलं. खरं म्हणजे त्या पहाटे कुणीतरी गावातलं कापसाचं गोदाम पेटवून दिलं होतं, आत झोपलेले हमाल आतच राहिले होते, आणि गाव आग लावणाऱ्याला शोधत होतं. हे त्यांना फार नंतर, सीमेपलीकडे गेल्यावर कळलं. त्या दुपारी त्यांना एवढंच दिसलं, की चौकातली निम्मी दुकानं बंद आहेत.

"सुटी दिसतेय," दादा म्हणाला आणि त्यानं गाडी एका बंद न्हाव्याच्या दुकानाजवळ भिंतीच्या सावलीत लावली.

फॅनचा पट्टा फाटत आला होता, तो नवा बघायचा होता. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, रोटर काढला, खिशात टाकला. वहिनीनं डोळे फिरवले. चार शब्द येतात म्हणून सिस्टर त्याच्याबरोबर निघाली.

सुट्या भागांची गल्ली अरुंद होती. दोन्हीकडे लोखंडी शटर, वर लोंबणारे टायर, मधून वाहणारं काळं गटार. समोरून माणसांचा घोळका येत होता. पुढं चामड्याचा एप्रन घातलेला एक दांडगा माणूस. तो वाटेतल्या प्रत्येकाला थांबवून त्याचे हात नाकाशी धरत होता. आधी सिस्टरला ते विचित्र वाटलं, जरा हसूही आलं. त्यानं मिस्त्रीचे हात हुंगले. मग शर्ट हुंगला. मग त्याचा जबडा धरून तोंडाशी नाक नेलं.

"काय रे बाबा, मुका घेतोस की काय?" मिस्त्री हसत म्हणाला.

एप्रनवाल्यानं मान वळवून एकच शब्द ओरडला. तो शब्द तिच्या शब्दांत नव्हता. पण घोळका ज्या तऱ्हेनं थबकला, त्यावरून तिला अर्थ कळला.

पहिली थप्पड उघड्या हाताची होती. मिस्त्रीचं हसू अजून तोंडावरच होतं. दुसरा फटका काठीचा, गुडघ्याच्या मागं बसला आणि तो खाली आला. मग कोणाचा हात कोणता, हे कळेना. टायर काढायच्या सळया निघाल्या, साखळी निघाली. साखळी त्याच्या पाठीवर पडली, तेव्हा ओल्या कपड्यावर थापी पडावी तसा आवाज झाला. एप्रनवाल्यानं त्याला छातीशी धरून उचललं आणि हिसडा दिला. गुंड्या उडाल्या, शर्ट उभा फाटला, खिसा चिंधीसकट तुटून गटारात पडला आणि त्यावरून बूट गेले. त्याच घटकेला मिस्त्रीनं हात तोंडाशी नेलेला तिनं पाहिला. दात वाचवतोय, असं तिला वाटलं. मग तो हातही त्यांनी ओढून फरशीवर धरला आणि एक जण टाचेनं त्यावर उभा राहिला. नुसता उभा राहिला नाही, विडी विझवावी तसा फिरला.

"डॉक्टर! डॉक्टर!" सिस्टर ओरडत होती. तेवढाच शब्द होता तिच्याकडे. कुणीतरी तिच्या कानावर बुक्की मारली. जग एका बाजूनं मुकं झालं. ती गटारात पडली, हातांवर रांगत बाहेर आली आणि पळत सुटली.

चौकाचा कोपरा वळायच्या आधीच तिला आवाज आला. त्याच्या जोडीला काच फुटल्याचाही आला, पण तिचं लक्ष गेलं ते पहिल्याकडे.

खर्र, खर्र, खर्र. मग थोडं थांबून पुन्हा, खर्र, खर्र.

स्टार्टरचा आवाज होता तो.

ती वळली. गल्लीतला तो शब्द चौकात पोचला होता. पोरंटोरं नव्हे, मोठी माणसं परक्या गाडीवर दगड मारत होती. गाडीची बाजूची काच फुटली होती. वहिनीच्या कपाळातून रक्ताचा ओघळ भुवईवरून गळ्यापर्यंत आला होता. आणि दादा किल्ली फिरवत होता. पुन्हा पुन्हा, दात आवळून. दोघं गल्लीत होते, भाऊ आणि ती, आणि दादा गाडी काढत होता.

त्याची नि तिची नजरानजर झाली. त्याचा हात किल्लीवरच राहिला.

"बस! लवकर बस!" तो ओरडला. "च्यायला, चालू होत नाहीये!" त्यानं तिच्या मागं पाहिलं. "तो कुठाय?"

सिस्टर दवाखान्यात कित्येक वर्षं काढलेली बाई. कुठल्या नातेवाइकाला काय सांगितलं की तो रडतो आणि काय सांगितलं की तो हातपाय हलवतो, हे तिला ठाऊक होतं. 'तुमच्या भावाला मारतायत' असं म्हटलं तर काय होईल, हे तिनं काल नाक्यावर वर जाणाऱ्या काचेत पाहिलं होतं.

"चालू होणारच नाही," ती म्हणाली. "रोटर त्याच्या खिशात आहे."

घाईत दादा ते साफ विसरला होता. त्याचं तोंड उघडं पडलं. मग त्यानं किल्ली सोडली, सीटखालची टॉमी, ती हातभर लांबीची लोखंडी पहार, ओढून काढली आणि दार उघडलं. सिस्टरनं उशीचा अभ्रा वहिनीच्या कपाळावर दाबला.

"दाबून धर. काही झालं तरी सोडू नकोस. दारं लाव."

"ए, मला एकटीला टाकून..."

"वहिनी, दाब!"

तिनं चाकाचा पाना उचलला आणि ती दादाच्या मागं धावली.

गल्लीत त्यांनी मिस्त्रीला शटरला टेकवून बसवलं होतं. उघडं अंग, पाठीला सालटं नाही. एका पोरसवदा तरुणानं त्याचे केस धरून डोकं वर केलं होतं, आणि एप्रनवाला हातातल्या कॅनचं झाकण फिरवत होता. आग लावणाऱ्याला आगच, असा सरळ हिशेब होता त्यांचा. पहिला धबका मिस्त्रीच्या पायांवर पडला.

दादा काही बोलला नाही. काल काच वर घेणारा माणूस टॉमी दोन्ही हातांनी डोक्यावर घेऊन घुसला. पहिला घाव एकाच्या मांडीवर, दुसरा कोणाच्या तरी तोंडावर. दात शटरवर आदळून टणकन वाजले. तिसऱ्यानं कॅन उडाला आणि पेट्रोल गल्लीभर पसरलं. त्याच्या पाठीत सळई बसली, तो वाकला, तसाच उठला आणि पुन्हा मारू लागला. ट्रकचं स्टेअरिंग ओढणारे हात होते ते.

सिस्टर केस धरणाऱ्या तरुणाकडे गेली. माणसाची हाडं तिला पाठ होती. डोक्यात मारलं तर मरतो, दंडावर मारलं तर पुन्हा येतो. गळपट्टीचं हाड मोडलं की हात आपोआप खाली येतो. तिनं पाना तिथंच मारला. कोरडी काटकी मोडावी तसा आवाज तिच्या चांगल्या कानात शिरला. तरुणानं तिच्याकडे पाहिलं. त्याला दुखलं त्यापेक्षा नवल जास्त वाटलं असावं, एका बाईनं मारलं याचं. धाकट्या भावाच्या वयाचा असेल. तो चेहरा पुढं तिच्यापाशी राहिला.

तिनं मिस्त्रीच्या काखेत हात घालून त्याला ओढलं. पण घोळका सावरत होता. मागून आणखी माणसं येत होती. तेव्हा दादानं विजारीच्या खिशातून काड्यापेटी काढली आणि वर धरली.

गल्ली थिजली. सगळ्यांचे पाय पेट्रोलात होते.

तिघं मागं सरकू लागले. एक पाऊल, मग आणखी एक. कोरड्या फरशीपर्यंत आले. ते तसेच गेले असते. पण एप्रनवाल्याच्या हातात सुरी आली, त्यानं झेप घेतली आणि दादाचा गाल कानापासून ओठापर्यंत उघडला.

दादानं काडी ओढली आणि टाकली.

सकाळपासून ते गाव ज्याला शोधत होतं, तो त्याला दुपारी सापडला. आगीनं गल्ली एका भिंतीपासून दुसरीपर्यंत भरून टाकली. पलीकडून आलेली किंकाळी माणसाची वाटत नव्हती. एप्रनवाला पेटलेल्या पायांनी गटारात लोळला, आणि गटारावरही पेट्रोल तरंगत होतं. त्या दिवशी तिथं किती मेले, मेले की नाही, हे या चौघांना कधीच कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

गाडीपाशी पोचल्यावर सिस्टर जागच्या जागी थांबली. आता काय? खिसा गटारात होता. रोटर कुठं होता देव जाणे. हे तिला गल्लीत जातानाच माहीत होतं. पुढचं तिनं काही ठरवलेलंच नव्हतं.

मिस्त्रीनं डाव्या हातानं तिचं मनगट पकडलं, तळवा उलटा केला आणि त्यात थुंकला. रक्त, एक दात, आणि काळा, अंगठ्याएवढा रोटर.

"टोपीच्या दोन कड्या मागं ढकल," तो फाटक्या तोंडानं म्हणाला. "पूस आधी. खाच बघून बसव... उलटा नको गं, खाच बघ."

दगड बॉनेटवर पडत होते. तिनं खाच बघितली, बसवला, टोपी दाबली. दादानं किल्ली फिरवली. खर्र, खर्र. नाही.

स्ट्रेचरवर घातलेल्या मिस्त्रीनं मान उचलली. सगळ्या अंगाला पेट्रोलचा वास, तरी त्या वासातला हा वेगळा वास त्यानं ओळखला.

"फ्लड झालीय, पेट्रोल जास्त चढलंय. चोक कोणी ओढला?"

दादानं किल्लीवरून नजर उचलली नाही.

"चोक आत ढकल, दादा. पाय पूर्ण दाब. सोडू नकोस. आता मार."

गाडी खोकली, शिंकली, काळा धूर ओकली आणि निघाली. मागच्या दारावर शेवटचा दगड बसला.

"चला," मिस्त्री पडल्या पडल्या म्हणाला, "रुग्णवाहिका शेवटी मूळ धंद्यावर आली." आणि बेशुद्ध पडला.

सीमेच्या अलीकडे एक नदी होती. ऊन अजून चांगलं वर होतं. सिस्टरनं आधी दादाचा गाल शिवला, वहिनीच्या पेटीतल्या सुईनं आणि पांढऱ्या रेशमी दोऱ्यानं. दादा हूं की चूं न करता बसला. मग तिनं वहिनीची कापड मोजायची लाकडी पट्टी मोडून तिच्या कांबी केल्या आणि मिस्त्रीची बोटं बांधायला घेतली. वहिनी डोक्याला अभ्रा बांधून सुया पुरवत होती.

"मी फिरवली किल्ली," दादा एकदम म्हणाला. शिवलेल्या गालामुळे शब्द वाकडे येत होते. "तुम्ही दोघं तिकडं असताना."

"मीच म्हटलं, चल म्हणून," वहिनी म्हणाली. "यांचा दोष नाही. मला रक्त बघून काही सुचेना भाऊजी."

"माहीत आहे मला," मिस्त्री म्हणाला. "गरम गाडीला कानापर्यंत चोक ओढणारा आपल्या घरात एकच आहे. किती वर्षं ओरडतोय मी."

दादा पाण्याकडे बघत राहिला. "पण परत आलो ना रे?"

"माझ्यासाठी आलास, का रोटरसाठी?"

दादानं गालावरचा टाका चाचपला. "आता ते कसं सांगू? दोन्ही एकाच खिशात होतं."

मिस्त्रीला हसू आलं. हसताना बरगडी दुखली म्हणून त्यानं शिवी घातली. शिवी ऐकून दादा उठला, नदीत उतरला आणि तोंड पाण्यात बुडवून रडला. हात धुतोय असं दाखवत होता. ते हात त्यानं पुढं आयुष्यभर फार वेळ धुतले.

वहिनी त्याच्या मागं गेली. मग मिस्त्री हळूच म्हणाला, "शर्ट तर तुझ्यासमोर फाटला होता."

सिस्टर गाठ मारत होती.

"खिसा गटारात गेला, ते तू पाहिलंस. मी पाहिलं तुला बघताना." तो थांबला. "रोटर तोंडात टाकला, ते कुणालाच माहीत नव्हतं."

"बोट सरळ धर."

"मग त्याला काय सांगून आणलंस?"

तिनं नदीकडे पाहिलं. दादाच्या पाठीवर सळईचा जांभळा वळ उठला होता आणि वहिनी त्यावर ओली चिंधी ठेवत होती. त्या पलीकडे, फार लांब, त्या गावाचा धूर अजून दिसत होता. आता तो दुपारपेक्षा जाड होता. एका वाक्यानं एक माणूस वाचला होता. त्याच वाक्यानं काय काय जळलं, ते तिला मोजता येण्यासारखं नव्हतं, आणि ती मोजणारही नव्हती. पुन्हा तो कोपरा वळायची वेळ आली असती, तर तिनं तेच म्हटलं असतं.

"हळू बोल," ती म्हणाली. "त्याला ऐकू जाईल."

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिला. मग कसाबसा उठला, गाडीला धरत धरत पुढं गेला, डाव्या हातानं बॉनेट उघडलं आणि टोपी काढली. आता अंगावर वहिनीचा झगा होता, त्याला खिसा नव्हता. तो परत आला आणि रोटर त्यानं सिस्टरच्या हातात ठेवला.

त्या दिवसापासून गाडी थांबली, की रोटर तिच्याकडे. समुद्रापर्यंत तिच्याकडे, परत घरापर्यंत तिच्याकडे, आणि दोघांच्या लग्नानंतरही, गाडी भंगारात जाईपर्यंत तिच्याकडेच. दादानं कधी विचारलं नाही, की माझ्याकडे का नाही. आणि खिसा आधीच फाटला होता, हे त्याला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही.